त्रानी गावातली देवळे

सोमवार, ५ डिसेंबर २०२२

सकाळी ११ वाजून १० मिनिटे. लॅमिनेशनचे मशीन तापण्याची वाट पाहत उभा होतो. तेवढ्यात शिवणीबांधच्या शकुनबाई वलथरे माझ्या कम्प्युटरच्या दुकानात आल्या. मागे त्यांची सून रीना. शकुनबाई साकोलीच्या बाजारात मासळी विकतात. आई त्यांच्याकडूनच घेते, म्हणून ओळख. मासळीचे टोपले घेऊन रीना बाहेरच उभी राहिली.

“हेमराज बाबू, तुह्या काम्पुटरात इटली दिसते म्हणे?”

“मावशी, सारं जग दिसते.”

“सारं नोको. पैसे कमी हायेत. इटलीच दाखव.”

त्यांचा मुलगा धनराज तिकडे आहे, हे मला माहीत होते. बाकीचे आज कळले. आधी तो हायवेच्या ढाब्यावर होता, मग नागपूरच्या हॉटेलात. २०१३ साली एका एजंटने त्याला जहाजावरच्या स्वयंपाकघरात लावून दिले. लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. पुढे तो जहाजावरून इटलीत उतरला आणि तिथल्या एका खानावळीत राहिला. दर महिन्याला फोन करायचा, पैसेही पाठवायचा. २०१८ च्या दिवाळीनंतर फोन बंद. पत्ता त्याने कधीच सांगितला नव्हता. एकदा फक्त आईला म्हणाला होता की इथे समुद्राला लागून मोठे देऊळ आहे आणि घंटेच्या मनोऱ्याखालून रस्ता जातो.

एवढ्यावरून गाव शोधायचे.

आताच का, तेही शकुनबाईंनी सांगितले. लाखांदूरच्या भोजराजने रीनाला पाटाची, म्हणजे दुसऱ्या लग्नाची, मागणी घातली आहे. तो सुतार आहे. बायको दोन वर्षांपूर्वी वारली. पौष लागण्याआधी, म्हणजे २२ तारखेच्या गुरुवारी, त्याची माणसे उत्तर मागायला येणार आहेत.

“पोरगा जिता असन तं मी रीनाले थांब म्हणीन. नसन तं माह्या हातानं तिचा पाट लावून देईन. पण एकडाव मले पाहू दे.”

बाहेरून रीना म्हणाली, “नऊ वर्षं देवळंच पाहून राहिला असन तो. भाऊ, तासाचे किती घेता?”

“तीस.”

“मंग मायले अर्धाच तास पाहू द्या. अर्धं टोपलं उरलं हाये.”

अर्ध्या तासात काही सापडले नाही. पंधरा रुपये घेताना बरे वाटले नाही, पण घेतले.

मंगळवार, ६ डिसेंबर

सापडले. मराठीत टाकले तेव्हा काही आले नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत ‘समुद्राजवळ चर्च, मनोऱ्याखाली कमान’ असे टाकले. मी अर्ज शुद्ध लिहितो म्हणून लोक माझ्याकडे येतात. बारावीला इंग्रजीत दोनदा नापास झालो, हे त्यांना माहीत नाही. दुपारभर फोटो पाहिले आणि एका फोटोत तो मनोरा दिसला. खाली उंच कमान आणि कमानीतून रस्ता.

गावाचे नाव ट्रानी लिहावे की त्रानी, हे कळेना. तिथल्या माणसाचा एक व्हिडिओ तीनदा ऐकला. त्रानी. दुसरा एक प्रश्न असा की ‘चर्च’ लिहावे की ‘देऊळ’. मावशी देऊळ म्हणतात. धनराजही देऊळच म्हणाला होता. म्हणून या वहीत देऊळ लिहीन.

बाबांचे कपड्याचे दुकान बाजूलाच आहे. मधली भिंत पातळ असल्यामुळे त्यांना सगळे ऐकू जाते.

“हेमराज, धानाच्या नोंदणीवाले लोक परत चालले. तू कुठी होता?”

“इथंच होतो, बाबा.”

“देहानं इथं होता. मनानं इटलीत.”

शुक्रवार, ९ डिसेंबर

मावशी दुपारी तीनला आल्या. मी खुर्ची पडद्याजवळ सरकवून दिली. कम्प्युटरवरच्या नकाशात रस्त्यांचे फोटो असतात. बाण दाबला की आपण पुढे सरकतो, जसे चालतच आहोत. हे सांगितले तर त्या म्हणाल्या, “पाय दुखत नाहीत, हे बरं हाये.”

समोर समुद्र आणि अगदी काठावर देऊळ. दगडाचा रंग नव्या तांदळासारखा. मावशींनी खुर्ची अजून पुढे ओढली. मग म्हणाल्या, “मनोऱ्याखालून ने.”

मी बाण दाबला. कमान डोक्यावर आली तेव्हा त्यांनी खुर्चीतच मान खाली केली. मला हसू आले, पण मी हसलो नाही.

कमानीतून निघून दर्शनी बाजूला आलो. दरवाजा उंचावर आहे आणि दोन्ही बाजूंनी पायऱ्या चढतात. तिथे मावशी उठल्या. मला वाटले, जायला निघाल्या. त्या दुकानाच्या दारापर्यंत गेल्या, चपला बाहेर काढून ठेवल्या आणि परत येऊन बसल्या.

“आता चाल आत.”

बाण आत जात नाही. पण कोणा प्रवाशाने आतले फोटो टाकलेले आहेत, ते दाखवले. जोडीजोडीने उभे खांब आणि उंच छत. मावशींनी हात जोडले.

“देव कोणता?”

मी वाचून ठेवले होते. देव नाही, संत. निकोलस नावाचा ग्रीसमधला मुलगा. ‘प्रभो, दया कर’ एवढेच रात्रंदिवस म्हणत फिरायचा. लोक वेडा समजून मारायचे. समुद्र ओलांडून या गावात आला आणि थोड्याच दिवसांत वारला. वय एकोणीसच्या आसपास. गावाने त्याच्या नावाने हे देऊळ बांधले.

“अन् त्याची माय?”

“मायनंच त्याले घरातून काढलं, असं लिहिलं हाये.”

“काढलं नसन,” मावशी म्हणाल्या. “लिहिणाऱ्यानं माय पाहिली नसन.” मग म्हणाल्या, “परक्या पोराचं देऊळ बांधलं त्याइनं? चांगले लोक हायेत मंग.”

रविवार, ११ डिसेंबर

आज किल्ला आणि बंदर. किल्ला चौकोनी, समुद्राला लागून. मावशींना त्यात गोडी वाटली नाही. आंबागडचा किल्ला लहानपणी पाहिला आहे, तो चढावा लागतो, हा सपाटीवर आहे, मग हा कसला किल्ला, असे म्हणाल्या. बंदरावर मात्र त्यांनी मला हलू दिले नाही.

“थांब थांब. हे जाळं पाह्य. हिरवं हाये. आपल्यापेक्षा बारीक.” एका ओट्यावर माणूस मासळी मांडून बसला होता. “हा वजनाच्या काट्यात मारत असन. बसण्यावरूनच समजते.”

मग त्यांनी विचारले, “बाबू, या लोकाइचे तोंडं कोणं पुसले?”

मी सांगितले की कायदा आहे. रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे कंपनी धूसर करून ठेवते, म्हणजे कोणाला त्रास होऊ नये.

“मंग माहा पोरगा समोरून आला तरी वळखाचा कसा?”

हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. आठवडाभर मी गाव शोधले, नाव शुद्ध लिहिले, देवळांची माहिती पाठ केली. पण ज्यासाठी हे सगळे, तो चेहराच दिसणार नाही, हे सांगायचे राहून गेले. मी पैसे नको म्हणालो. त्या म्हणाल्या, “तू बसला ना तासभर? घे.” आणि तीस रुपये टेबलावर ठेवले.

मंगळवार, १३ डिसेंबर

धान विकण्याच्या सरकारी नोंदणीला सकाळपासून गर्दी. सातबारा, बँकेचे पासबुक, आधार. एका शेतकऱ्याच्या नावात तीन कागदांवर तीन वेलांट्या होत्या. तीही गोष्ट मलाच निस्तरावी लागली.

चार वाजता मावशी आल्या. रांग पाहून बाहेर बसून राहिल्या. पाचला त्यांना घेतले. आता त्या चेहरे पाहत नाहीत. माणूस दिसला की त्याचे खांदे पाहतात, उभे राहणे पाहतात, चाल पाहतात. फोटोतल्या माणसाला चाल कुठली? पण त्या म्हणतात, समजते. तासाभरात चार गल्ल्या झाल्या. “हा नाही. हा तं लईच लंबा. हा बसला असा जशी सासुरवाडी हाये.”

बाबा पलीकडून म्हणाले, “शकुनबाई, तिकडली मासळी कशी किलो हाये?”

“तुमाले परवडाची नाही, मधुकरराव. तुमी इथंच उधार मागता.”

गिऱ्हाइके हसली. बाबाही हसले.

गुरुवार, १५ डिसेंबर

आज रीना एकटी आली. दुकानात आल्यावरही तिने टोपले डोक्यावरून उतरवले नाही.

“काही सापडलं का, भाऊ?”

“अजून नाही, वहिनी. पण गाव तेच हाये. सापडन.”

“माय घरी येऊन सांगते. आज किल्ला पाहिला, आज बंदर पाहिलं. गावातले लोक विचारतात का शकुनबाई इटलीवरून कधी आल्या.” ती हसली. मग म्हणाली, “मी लाखांदूरले गेली होती मावसबहिणीकडे. भोजराजच्या दुकानात खुर्ची हाये, भाऊ. पाठ टेकाची. तो म्हणते, तुमच्यासाठी बनवली. नऊ वर्षं मी बाजारात जमिनीवर बसतो. कोणी म्हटलं नाही का रीना, पाठ टेक.”

तिने टोपले एका हाताने सावरले.

“पण मी गेली तं मायजवळ कोण हाये? तिच्या एकटीच्यानं आता टोपलं उचलत नाही.”

मी तिला धीर दिला. धनराज नक्की सापडेल, असे सांगितले. तिने माझ्याकडे जरा पाहिले आणि गेली. कदाचित तिला विश्वास वाटला नसेल.

शनिवार, १७ डिसेंबर

आज एक नवी गोष्ट समजली. नकाशातल्या फोटोच्या कोपऱ्यात तारीख असते. ती दाबली की त्याच जागेचे जुने फोटो निघतात. हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवे होते. आम्ही आजचे गाव पाहत होतो आणि धनराज तर जुन्या गावात होता.

बंदराच्या मागच्या गल्लीत एक लहान देऊळ आहे. नावाचा अर्थ ‘सर्व संत’. पुढे कमानींची ओसरी आहे. तिथला ऑगस्ट २०१९ चा फोटो उघडला आणि माझा हात थांबला.

जसे दिसते तसे लिहितो. ओसरीच्या खांबाला टेकून एक सावळा, सडपातळ माणूस उभा आहे. अनवाणी. एक पाऊल दुसऱ्या घोट्यावर ठेवले आहे, बगळा उभा राहतो तसे. बाजूला एक बाई, केस भुरे, आपल्याकडे पाठ. तिच्या कडेवर लहान मूल. तीही अनवाणी. खांबाच्या बुडाशी चपलांचे तीन जोड ओळीने ठेवलेले आहेत. एक पुरुषाचा, एक बाईचा आणि एक अगदी लहान. मुलाच्या डाव्या पायात काळ्या दोऱ्यासारखे काही दिसते. मोज्याची खूण असावी. माणसाचा आणि मुलाचा चेहरा धूसर केलेला आहे.

या गावातल्या देवळांपुढची शेकडो माणसे मी पाहिली. सगळी बूट घालूनच आत जातात. चपला काढणारा हा एकच. म्हणजे हा आपल्याकडचा. आणि अंगाने, उंचीने, मावशी सांगतात तसाच.

मला दुकानात बसवेना. दोनदा बाहेर जाऊन आलो. उद्या मावशी येतील. आधी काही सांगणार नाही. त्यांनी स्वतः पाहावे.

रविवार, १८ डिसेंबर

त्या साडेतीनला आल्या. मी फोटो उघडूनच ठेवला होता. “मावशी, हे सगळ्या संताइचं देऊळ. फोटो जुना हाये,” एवढेच म्हणालो.

त्या खुर्चीत बसायच्या आधीच पडद्याकडे वाकल्या आणि तशाच राहिल्या. मग बसल्या.

“मोठं कर.”

मोठे केले. सगळे चौकोन चौकोन झाले.

“लहान कर परत. जसं होतं तसं.”

केले. बाहेरून ट्रक गेला आणि पडदा थोडा हलला, तेव्हा त्यांनी तो हाताने धरला.

“हे लेकरू केवढं असन?”

“तीनेक वर्षांचं.”

“फोटो कधीचा म्हटला?”

“ऑगस्ट दोन हजार एकोणीसचा.”

“म्हंजे आता?”

“सहा. सातवं लागलं असन.”

“शाळेत जात असन,” मावशी म्हणाल्या. मग विचारले, “पोरगा हाये का पोरगी?”

मला सांगता आले नाही. अंगातले फ्रॉकसारखे वाटते, पण खात्री नाही. खात्री नसताना सांगू नये.

मला राहवले नाही. “मावशी, धनराजच हाये ना?”

“नाही गा, बाबू. हा नव्हे.”

“पण चपला पाहा ना, मावशी! तिकडे कोणीच काढत नाही.”

“काढत असन कोणी. तू सारे थोडीच पाहिले.”

“उभा राहणं पाहा.”

“मी जन्म देल्ला हाये का तू? नव्हे म्हटलं ना.” हे त्या जरा जोरात बोलल्या. पलीकडे कापड मोजणारा बाबांचा मीटर थांबला. मग हळू आवाजात म्हणाल्या, “बाई बरी दिसते. लेकराले सांभाळून धरलं हाये.”

तीस रुपये माउसखाली ठेवून त्या निघाल्या. दारात थांबून म्हणाल्या, “बस झालं, हेमराज. आता नोको शोधू. सारे देवळं पाहून झाले.”

सोमवार, १९ डिसेंबर

दिवसभर मन लागले नाही. दोन अर्जांत चुका केल्या. एकात ‘विनंती’चा ‘वि’ दीर्घ लिहून बसलो.

मग नीट विचार केला. धनराजची बायको रीना इथे आहे. फोटोतल्या माणसाबरोबर बायको आणि मूल आहे. म्हणजे तो धनराज असूच शकत नाही. इतकी साधी गोष्ट मला शनिवारी सुचायला हवी होती. चपला पाहिल्या आणि माणूस पाहायचा राहिला. एका आईला खोटी आशा दाखवली.

गुरुवार, २२ डिसेंबर

दुपारी बारा वाजता फोन आला. शिवणीबांधहून. भोजराजचा मोठा भाऊ बोलत होता. आवाज सभ्य.

“तुमी साकोलीचे कम्प्युटरवाले काय? इथं शकुनबाई म्हणतात का त्याइनं सारी इटली पाहिली, पोरगा कुठीच नाही. आमाले पोरीले फसवून न्याचं नाही. उद्या तो आला तं? खरं काय ते सांगा.”

मी घडले ते शब्दशः सांगितले. गाव तेच होते. बंदर, किल्ला, देवळे, गल्ल्या मी स्वतः दाखवल्या. जुने फोटोही दाखवले. शकुनबाईंनी प्रत्येक माणूस नीट पाहिला आणि आपला मुलगा कोणातच ओळखला नाही. एकावर मला शंका होती, पण त्यांनी स्पष्ट नाही म्हटले आणि नंतर विचार केल्यावर मलाही ते पटले.

“तुमाले पटलं?”

“पटलं.”

तिकडे कोणीतरी म्हणाले, पोट्टा कागदाचा पक्का आहे, खोटं बोलणार नाही. मग मावशींचा आवाज आला. त्या इतर कोणाशी बोलत होत्या. “झालं समाधान? मी तं म्हणतच होती. आता चहा घ्या. रीना, साखर जास्त टाक.”

फोन चालूच राहिला होता. रीना रडत असल्यासारखे वाटले. मावशी म्हणत होत्या, “रडते काहून? टोपल्याचं मी पाहीन. लहान टोपलं घेईन. खुर्ची हाये म्हणते ना त्याच्याकडे? मंग?”

दुसऱ्याचे बोलणे ऐकू नये म्हणून मी फोन ठेवला.

शुक्रवार, २३ डिसेंबर. अमावास्या

पाट काल सायंकाळीच उरकला. वाजंत्री नाही, मोजकी माणसे. रीना लाखांदूरला गेली. हे मला मावशींनीच सांगितले. त्या सकाळी साडेदहाला आल्या होत्या, एकट्याच. टोपले खरेच लहान होते.

मी माफी मागणार होतो. त्याआधीच त्या म्हणाल्या, “तो फोटो काढून दे. कागदावर. रंगीत.”

“कोणता, मावशी?”

“सगळ्या संताइच्या देवळाचा.”

मला बरे वाटले. माणूस सापडला नाही, तरी निदान देऊळ त्यांना आवडले. सर्वांत मोठे देऊळ सोडून हे लहान का निवडले, ते मात्र कळले नाही. मी सांगितले की मधली माणसे मला कापता येतात. नुसत्या कमानी आल्या तर देऊळ स्वच्छ दिसेल.

“कापू नोको.”

“उगाच मधे येतात ना.”

“येऊ दे. देवळापाशी माणसं असतातच.”

चांगल्या जाड कागदावर काढून दिला. शाई वाळेपर्यंत त्यांनी तो दोन्ही तळहातांवर धरला, ताट धरतात तसा. फ्रेम करून देतो, भिंतीवर लावा, असे मी म्हणालो.

“भिंतीवर नोको. तांदळाच्या डब्यात ठेवीन. पौष सरला का रीना लुगडे न्याले येणार हाये.”

रीनाने देवळाचा फोटो पाहिला तर काय बिघडते, हे विचारावेसे वाटले. पण गिऱ्हाईक उभे होते.

हिशेब येथे लिहून हे प्रकरण बंद करतो.

शकुनबाईंकडून आलेले: ५ तारखेचे १५. ९, ११, १३ आणि १८ तारखेचे प्रत्येकी ३०, म्हणजे १२०. रंगीत प्रिंट एक, १०. एकूण १४५. बाकी काही नाही.

माझा खर्च: जाड कागद १२.

शकुनबाईंना माझ्याकडून देणे: ३०. १८ तारखेला चुकीचा माणूस दाखवला, त्या तासाचे. आज परत देत होतो. त्यांनी माझी मूठ बंद केली आणि म्हणाल्या, “त्या दिवशीचेच तं खरे होते, बाबू.” घेतले नाहीत. म्हणून देणे तसेच आहे.